जुन्या तबकडीचें काय करावें?

मोडीत काढावयाच्या वस्तूविषयीं संसारी मनुष्य सामान्यतः एकच प्रश्न विचारतो : हिचे किती येतील? फुटक्या घागरीचा प्रश्न तांब्यापितळेच्या भावानें सुटतो, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांचा रद्दीवाल्याच्या तराजूनें, आणि विरलेल्या लुगड्याचा बोहारणीच्या पाटीपाशीं. या व्यवहारांत नीतीचा प्रश्न उद्भवलाच तर तो वजनमापापुरता असतो. घरोघर आलेल्या संगणकानें मात्र मोडीच्या या साध्या व्यवहारांत एक अशी वस्तु आणून सोडली आहे कीं, भंगारवाला तिचे फार तर पन्नास-शंभर रुपये देतो, आणि तरीहि ती त्याच्या हातीं देतांना विचारी माणसाचा हात आखडतो. ही वस्तु म्हणजे जुनी हार्ड डिस्क. संगणकाचा मदरबोर्ड, म्हणजे ज्या मूळ फलकावर त्याचे सारे अवयव जोडलेले असतात तो, बदलावयाची वेळ आली म्हणजे हिचा प्रश्न हटकून निघतो : हीच नव्या फलकाला जोडावी कीं नवी घ्यावी, आणि नवी घेतली तर जुनीचें काय करावें?

हा प्रश्न दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचा आहे, त्यांत तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानें कशाला पडावें, असें कोणी म्हणेल. परंतु कारागिराचा प्रश्न जेथें संपतो तेथें दुसरा एक सुरू होतो, आणि त्याचें उत्तर कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. आधीं कारागिराचीच बाजू पाहूं, कारण तीहि वाटते तितकी निरस नाहीं.

विंडोज एक्सपीच्या काळीं एका फलकावरची डिस्क काढून निराळ्या जातीच्या फलकाला जोडली, तर पुष्कळदां पडदा निळा होऊन यंत्र तेथेंच अडून बसे. डिस्कवरची आज्ञावली जुन्या फलकाशीं बोलावयास शिकलेली असे. नव्या फलकाची बोली तिला येत नसे. अलीकडच्या आज्ञावली या बाबतींत पुष्कळ समंजस झाल्या आहेत. नव्या सासरीं आलेल्या मुलीप्रमाणें त्या पहिले कांहीं क्षण चाचपडतात आणि मग नांदूं लागतात. तथापि दोन अडचणी उरतात, आणि दोन्हीहि तत्त्वचिंतकाच्या कामाच्या आहेत. पहिली परवान्याची. फलक बदलला म्हणजे विंडोज पुष्कळदां सांगूं लागते कीं, हा संगणक पूर्वींचा नव्हे. तुमचा परवाना त्या जुन्या संगणकाचा होता. डिस्क तीच, तिच्यावरचीं पत्रें तींच, पडद्यावरचें नातवाचें छायाचित्रहि तेंच. परंतु कंपनीच्या मतें संगणक म्हणजे मुख्यतः त्याचा फलक, आणि तो गेला म्हणजे संगणकहि गेला. २०१६ सालापासून परवाना मालकाच्या खात्याशीं जोडून ठेवण्याची सोय झाली आहे, म्हणजे फलकाऐवजीं मालकाला ओळखावयाचें असें कंपनीनें अंशतः मान्य केलें. दुसरी अडचण कुलुपाची. पुष्कळ नव्या संगणकांत डिस्कवरचा मजकूर गूढाक्षरांत लिहिलेला असतो आणि त्याची किल्ली फलकाच्या पोटांतल्या एका लहानशा कुपींत राहते. डिस्क काढून दुसऱ्या फलकाला जोडली कीं ती ४८ आंकड्यांचा एक मंत्र मागते. तो जवळ नसेल तर स्मृति सगळी शाबूत असूनहि वाचणारा कोणी नाहीं, अशी अवस्था होते.

आतां संगणक कोणता? फलक कीं डिस्क? मिलिंद राजाला नागसेनानें हाच प्रश्न रथाविषयीं विचारला होता. चाक म्हणजे रथ काय? आंस म्हणजे? जूं म्हणजे? राजानें प्रत्येक वेळीं नाहीं म्हटलें, आणि शेवटीं त्याला कबूल करावें लागलें कीं, या सर्वांच्या जुळणीला रथ हें केवळ नांव आहे. ग्रीकांकडे हाच वाद थीसियसच्या जहाजावरून चाले. एकेक फळी बदलत जाऊन सर्व फळ्या नव्या झाल्या तर जहाज तेंच राहिलें काय? हॉब्जनें १६५५ सालीं त्यांत एक खोंच घातली : काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचें दुसरें जहाज उभें केलें, तर खरें जहाज कोणतें? हा हॉब्जचा पेंच आज पुष्कळ घरांत घडतो. काकांनीं संगणक सुधारून घेतला. उरलेला फलक, उरलेली पेटी आणि उरलेली डिस्क पुतण्यानें नेऊन जोडली. कळ दाबतांच पुतण्याच्या पडद्यावर काकांचें नांव उमटतें आणि यंत्र त्यांच्या संकेतशब्दाची वाट पाहत बसतें.

माझ्या मतें या वादांत नागसेनाची सरशी आहे. संगणक कोणता, याचें उत्तर विचारणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून असतें. परवाना विकणाऱ्याला फलक धरून ठेवणें सोयीचें, कारण तो मोजतां येतो. वापरणाऱ्याला डिस्क धरून ठेवणें स्वाभाविक, कारण त्याचें आयुष्य तिच्यावर आहे. लॉकनें १६९४ सालच्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तींत मनुष्याची एकता स्मृतीवर उभी केली, आणि त्याच्या वाचकाला साहजिकच वाटेल कीं डिस्क हाच संगणकाचा आत्मा. पण ही उपमा एका महत्त्वाच्या ठिकाणीं लंगडी पडते. माझी स्मृति माझी असते, कारण तिच्यांतला अनुभव मीं भोगलेला असतो. डिस्कनें कांहींच भोगलेलें नाहीं. तिच्यावर जें आहे तें लोकांचें आहे, आणि जी गोष्ट आपण सहसा विसरतों ती ही कीं, तें सगळें तिच्या मालकाचेंहि नसतें.

ही तबकडी काय चीज आहे हें थोडें सांगितलें पाहिजे. १९५६ सालीं अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीनें पहिली अशी डिस्क बाजारांत आणली. तींत दोन दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर चढविलेल्या होत्या, तिचें वजन सुमारें एक टन होतें, आणि तिच्यावर ५० लक्ष अक्षरें मावत. आज कोणाच्याहि टेबलाखालीं धूळ खात पडलेली ५०० गिगाबाइटची साधी डिस्क तळहाताएवढी असून तिच्यावर त्याच्या लाखपट अक्षरें मावतात. आंतली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, आणि लिहिणारें-वाचणारें टोंक तिच्यापासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनहि कमी अंतरावर तरंगत असतें. इतक्या नाजुक यंत्रावर आपण इतक्या बेफिकीरपणें विसंबतों याचें मला नेहमींच नवल वाटतें. पण तें असो.

नीतीच्या दृष्टीनें तिचा महत्त्वाचा गुण निराळाच आहे. तिच्यावरची एखादी टिपणी आपण पुसली असें आपल्याला वाटतें तेव्हां ती बहुधा पुसली गेलेली नसते. ग्रंथालयाच्या सूचीपत्रांतून पुस्तकाचें कार्ड काढून फाडावें आणि पुस्तक फडताळांत होतें तेथेंच राहूं द्यावें, तसा हा प्रकार आहे. त्या जागेवर पुढें केव्हां तरी दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत मूळ मजकूर तेथें स्वस्थ पडून असतो, आणि सामान्य कसबाचा मनुष्यहि तो वर काढूं शकतो. सगळी डिस्क घाईघाईनें ‘फॉरमॅट’ केली तरी बहुतेक वेळां फक्त सूचीच नवी होते. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींत बुडविल्यावर तेराव्या दिवशीं कोरड्या वर आल्या अशी कथा आहे. तेथें भक्ताची लाज राखणारा पांडुरंग होता. येथें बुडविलेलें वर येतें तें मात्र पुष्कळदां कोणाची तरी लाज घालवावयाला येतें. २००३ सालीं गारफिंकेल आणि शेलाट या दोन संशोधकांनीं याची झडतीच प्रसिद्ध केली. त्यांनीं जुन्या बाजारांतून १५८ डिस्का विकत घेतल्या. त्यांपैकीं १२९ चालू निघाल्या, आणि त्या १२९ पैकीं नीट पुसलेल्या अशा अवघ्या १२. बाकीच्यांवर लोकांचे पैशाचे व्यवहार, दुखण्यांचे कागद, खाजगी पत्रें असें बरेंच कांहीं होतें. विकणारे कांहीं मूर्ख नव्हते. आपण पुसलें आहे अशी त्यांतल्या पुष्कळांची समजूत असावी.

यावर एक उत्तर वारंवार ऐकूं येतें, आणि तें देणारे बहुधा सज्जन गृहस्थ असतात. ‘माझ्याजवळ लपविण्यासारखें कांहीं नाहीं, वाचोत बापडे!’ हें उत्तर मला निर्भयतेचें वाटत नाहीं, आत्ममग्नतेचें वाटतें. तुमच्याजवळ तुमचें लपविण्यासारखें नसेल. पण तुमच्या डिस्कवर काय तुम्हीच आहांत? माझ्यासारख्या तीस वर्षें मुलांना शिकवीत आलेल्या माणसाचेंच उदाहरण घ्या. माझ्या यंत्रावर माझे स्वतःचे म्हणावे असे कागद थोडे. व्याख्यानांचीं टांचणें, कांहीं अर्धवट लेख, वीजबिलें. बाकी सगळें दुसऱ्यांचें. फी भरतां येत नाहीं असें लिहिणाऱ्या मुलाचें पत्र आहे. वडिलांच्या व्यसनामुळें परीक्षेला बसतां आलें नाहीं, हें कोणाला सांगूं नका, असें विनवणाऱ्या मुलीचें आहे. एका विद्यार्थ्याविषयीं मीं परदेशीं पाठविलेलें, त्याला न दाखविलेलें मत आहे. यांतली एक ओळहि उघड्यावर आली तर माझें कांहीं बिघडणार नाहीं. बिघडेल तें त्यांचें. मी निर्भय आहें तो त्यांच्या जिवावर.

कायदा येथें फारसा उपयोगी पडत नाहीं. व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणासाठीं आपल्या संसदेनें २०२३ सालीं कायदा केला, त्यांत आपली माहिती पुसून घेण्याचा हक्कहि सांगितला. परंतु कोणी व्यक्तीनें स्वतःच्या घरगुती कामासाठीं ठेवलेली माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. हें योग्यच आहे. घरांतल्या टेबलाच्या खणांत सरकारनें डोकावावें असें मला वाटत नाहीं. पण कायदा जेथें थांबतो तेथें कर्तव्यहि थांबतें असें मात्र नव्हे, आणि त्या कर्तव्याचें स्वरूप शोधावयाला मला आपल्या जुन्या धर्मशास्त्राचा आधार अधिक जवळचा वाटतो. स्मृतिकारांनीं ठेवीचे प्रकार सांगतांना ‘उपनिधि’ म्हणून एक प्रकार सांगितला आहे. आंत काय आहे हें न सांगतां, बंद पात्रांत घालून दुसऱ्याच्या हातीं सोंपविलेली वस्तु ती उपनिधि. ती जशीच्या तशी परत करावयाची. राजानें, दैवानें किंवा चोरानें ती हिरावली तर ठेवणारा दोषी नाहीं, परंतु त्यानें स्वतः तिचा उपभोग घेतला तर तो दंडास पात्र. मनुष्य विश्वासानें जें पत्र लिहितो त्याची जात मला हीच वाटते. कागद माझा, डिस्क माझी, तिचें बिल माझ्या नांवाचें. आंतला विश्वास मात्र माझ्याकडे ठेवावयाला दिलेला. डिस्क भंगारांत टाकणें म्हणजे दुसऱ्याची मोहोरबंद ठेव रस्त्यावर ठेवून घरीं येणें. ती चोरानें नेली, असें मग कोणत्या तोंडानें म्हणावें?

एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं जुनें सगळें जाळून टाकावें, तर त्याला मात्र माझा विरोध आहे. आणि हा विरोध वरच्या विवेचनाला अडचणींत आणणारा आहे हें मी जाणतों. महाराष्ट्राचा इतिहास ज्या कागदांवर उभा आहे ते बहुतेक कागद कोणी तरी न जाळल्यामुळें उरले. राजवाड्यांनीं १८९८ सालापासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, ते गांवोगांवच्या वाड्यांतलीं जुनीं दप्तरें धुंडून. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दप्तरांतल्या निवडक कागदांचे ४५ भाग छापले. त्या कागदांत हिशेब आहेत, फौजांच्या हालचाली आहेत, तशींच घरगुती भांडणें, आजारीपण आणि कर्जाचीं गाऱ्हाणींहि आहेत. हें लिहिणाऱ्यांनीं आपला मजकूर आमच्यासारख्यांच्या वाचनांत यावा म्हणून लिहिला नव्हता. तरीहि तो वाचल्याबद्दल आपल्याला अपराधी वाटत नाहीं, आणि न वाचतां तर आपण केवढ्याला मुकलों असतों! मग दोनशें वर्षांपूर्वींच्या विश्वासाला आपण वेगळा न्याय कां लावतों? मला सुचणारें एकच कारण असें कीं, विश्वासाचा भंग होण्यासाठीं दुखावला जाणारा कोणी तरी असावा लागतो. ज्यांचें दुखावेल तीं माणसें आणि त्यांची लाज जिवंतपणीं जाणणारीं माणसें गेलीं, म्हणजे त्या पत्राची मोहोर काळच फोडतो. वीस वर्षांपूर्वींच्या मुलीचें पत्र त्या कोटींत येत नाहीं. ती आज कोठें तरी संसार करीत असेल, आणि तिला आपल्या मुलांपुढें ताठ मानेनें उभें राहावयाचें आहे. शिवाय कागद रुमालांत बांधून माळ्यावर टाकला तर दोनशें वर्षें वाट पाहूं शकतो. डिस्कला तेवढा धीर नाहीं. थोड्याच वर्षांत ती एक तर बंद पडते, नाहीं तर भलत्याच्या हातीं पडते.

लेखकांच्या बाबतींत हा प्रश्न आणखी बिकट होतो. काफ्का १९२४ सालीं वारला. आपलीं हस्तलिखितें जाळावींत असें त्यानें मित्राला, मॅक्स ब्रॉडला, लिहून ठेवलें होतें. ब्रॉडनें तें मानलें नाहीं, आणि जगाला एक थोर लेखक मिळाला. याच्या उलट इंग्लंडांतील कादंबरीकार टेरी प्रॅचेट याची गोष्ट. तो २०१५ सालीं वारला. त्याच्या इच्छेप्रमाणें अपुऱ्या लेखनाची त्याची डिस्क २०१७ च्या २५ ऑगस्टला डॉर्सेट परगण्यांतील एका जत्रेंत वाफेच्या जुन्या रोडरोलरखालीं घालण्यांत आली. डिस्क इतकी चिवट कीं रोडरोलरनें पुरतें काम होईना, म्हणून शेवटीं ती दगड फोडण्याच्या यंत्रांत घातली. ब्रॉड बरोबर कीं प्रॅचेटचे विश्वस्त बरोबर, हें मला एका वाक्यांत सांगतां येत नाहीं. एक भेद मात्र दाखवितां येतो. ब्रॉडनें काफ्काला त्याच्या हयातींतच बजावलें होतें कीं मी हें करणार नाहीं, आणि तरीहि काफ्कानें दुसरा कोणी नेमला नाहीं. ज्याला जाळावयाचेंच असतें तो अशा माणसाच्या हातीं काडेपेटी देत नाहीं. दिलेला शब्द आणि न दिलेला शब्द यांत अंतर आहे.

हा भेद मला प्रत्यक्षांत वापरण्याचा प्रसंग आला. माझे एक सहाध्यापक अचानक गेले. इतिहास शिकवीत, स्वभावानें अबोल. त्यांच्या पश्चात् घरांतला संगणक बंद पडला, दुरुस्ती करणाऱ्यानें फलक बदलला, डिस्कहि नवी घातली, आणि जुनी कागदांत गुंडाळून वहिनींच्या हातीं दिली. वहिनी ती माझ्याकडे घेऊन आल्या. मी ती माझ्या यंत्राला जोडून पाहिली. कुलूप नव्हतें, सगळें उघडें होतें. बँकेचे कागद, छायाचित्रें, एका पुस्तकाचीं पुरीं झालेलीं प्रकरणें, विद्यार्थ्यांचीं पत्रें, आणि एका कप्प्यावर ‘रोजनिशी’ एवढाच शब्द. मुलगा परगांवाहून आला होता. बापलेकांचें शेवटचीं तीन वर्षें फारसें बोलणें नव्हतें. मुलानें शिक्षण अर्ध्यावर सोडून निराळा धंदा धरला तेव्हांपासून. तो म्हणाला, “काका, सगळें उघडा. बाबांनीं माझ्याविषयीं काय लिहिलें असेल तें मला पाहिलेंच पाहिजे.” वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, त्यांना दाखवायचें असतें तर त्यांनीं दाखविलें असतें. तीस वर्षांत मला नाहीं दाखविलें.” त्यावर मुलाचें उत्तर असें : “लपवायचें असतें तर कुलूप घातलें असतें. पुसलें असतें.”

मुलाचा युक्तिवाद दिसतो तितका कच्चा नाहीं. ज्यानें पुसलें नाहीं त्याची संमति आहे, असें धरून आपण पुष्कळ व्यवहार करतों. पण अचानक गेलेल्या माणसाच्या मौनाला संमति म्हणणें मला पटेना. स्वतःच्या घरांत, स्वतःच्या खोलींत मनुष्य दाराला आंतून कडी लावीत नाहीं, म्हणून वाटसरूनें आंत यावें असा त्याचा अर्थ होत नाहीं. उलट वहिनींच्या म्हणण्यालाहि एक मर्यादा होती. मृताचा एकांत राखणें हें कर्तव्य खरें. परंतु बापाशीं अबोला धरलेला मुलगा पुढें जन्मभर एका बंद दारासमोर उभा राहणार, हेंहि दुःख खरेंच होतें, आणि तें जिवंत माणसाचें होतें. कळ माझ्या बोटाखालीं होती, आणि ती दाबावयाचा अधिकार तिघांत मलाच सर्वांत कमी होता.

विद्यार्थ्यांच्या पत्रांविषयीं मला संशय नव्हता. तीं मेलेल्याची इस्टेट नव्हती. जिवंत माणसांनीं एका मेलेल्या माणसाजवळ ठेवलेली ठेव होती, आणि ठेवणारा गेल्यावर ती मालकांकडे परत जावी, नाहीं तर नाहींशी व्हावी, पण वारसांत वांटली जाऊं नये. हें मुलानेंहि निमूटपणें मान्य केलें. बँकेचे कागद, छायाचित्रें आणि पुस्तकाचीं प्रकरणें त्यांना काढून दिलीं. रोजनिशीविषयीं तीन दिवस वाद चालला. शेवटीं तोड वहिनींनींच काढली : तेवढा कप्पा न उघडतां एका लहान पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा, पाकिटांत घालून लाखेनें बंद करावा, आपल्या हयातींत तो उघडूं नये, आपल्यामागें मुलाला पाहिजे तर त्यानें उघडावा. मुलगा म्हणाला, “म्हणजे मी आईच्या मरणाची वाट पाहूं काय?” या बोलण्यावर कोणाजवळच उत्तर नव्हतें, आणि माझ्याजवळ आजहि नाहीं. पण त्यानें मान्यता दिली, आणि पाकीट माझ्या कपाटांत ठेवावें असें दोघांनींहि सांगितलें.

मग डिस्क पुसण्याचें काम उरलें. यांतहि एक प्रकारचें सोंवळें माजलें आहे. १९९६ सालीं गुटमन नांवाच्या पंडितानें मजकूर ३५ वेळां पुसण्याची एक रीत सांगितली. ती त्या काळच्या निरनिराळ्या जातींच्या डिस्कांना धरून होती. पुढें हल्लींच्या डिस्कांना ती लागू नाहीं असें त्यानें स्वतःच सांगितलें, तरी लोक अजून आकडा मोजीत बसतात. फिरत्या तबकडीच्या अलीकडच्या डिस्कवर सर्वत्र एकदां शून्यें लिहिलीं तर साधारणतः तेवढें पुरें, असें अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेचें २०१४ सालचें मार्गदर्शन आहे. ज्यांत तबकडी नसते अशा नव्या डिस्कांचें मात्र तसें नाहीं. त्या आपल्या पेशी झिजूं नयेत म्हणून लिखाण परस्पर इकडचें तिकडे हलवितात, त्यामुळें वरून लिहिलेलें मूळ जागीं पडेलच अशी खात्री नसते. त्यांना निर्मात्यानें दिलेली पुसण्याची विशिष्ट आज्ञाच द्यावी लागते. हातोडा आणि गिरमीट यांवर पुष्कळांची भक्ति असते. २०१३ सालच्या २० जुलैला लंडनमधील ‘गार्डियन’ पत्राच्या कचेरीच्या तळघरांत सरकारी तज्ज्ञांच्या देखत संपादकवर्गानें ग्राइंडर आणि गिरमीट चालवून डिस्का नष्ट केल्या. प्रती देशाबाहेर आधींच गेल्या होत्या आणि हें दोन्हीं पक्षांना ठाऊक होतें. शरीराचा नाश म्हणजे मजकुराचा नाश, ही समजूत किती खोल रुजली आहे पाहा. आमच्याकडे गणपति पाण्यांत नेण्यापूर्वीं उत्तरपूजा करून अक्षता टाकतात, मूर्ति जागची जरा हलवितात, आणि मग ती माती होते. मूर्ति फोडण्याची गरज कोणाला वाटत नाहीं. डिस्कलाहि मला तेवढेंच पुरेसें वाटतें. यंत्रानें सुमारें दोन तास शून्यें लिहिलीं. ती आतां वसतिगृहांत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या जुन्या संगणकांत आहे आणि चांगली चालते. फोडून कचऱ्यांत टाकली असती तर तिचें शिसें नि तांबें कोणत्या तरी भंगारवाड्यांत उघड्या हातांनीं सोडविणाऱ्या पोराच्या वांट्यास आलें असतें.

पाकिटाची गोष्ट मात्र इतक्यानें मिटली नाहीं. लाखेचें मोहोरबंद पात्र शंभर वर्षें ठेवतां येतें. पेन ड्राइव्हमधलीं अक्षरें विजेच्या सूक्ष्म संचयावर टिकलेलीं असतात, आणि तो संचय, कोणी हात लावला नाहीं तरी, वर्षांच्या ओघांत आपोआप झिरपून जातो. म्हणजे ही ठेव जशीच्या तशी राखावयाची तर चार-पांच वर्षांनीं पाकीट फोडून तिची नवी प्रत करावी लागणार. न वाचतां प्रत करतां येते; त्यांत यंत्राला कांहीं अडचण नाहीं. मोहोर मात्र दर खेपेस नवी लावावी लागेल, आणि ती लावतांना दोघांपैकीं एक तरी समोर असावा असें मीं ठरविलें आहे. पहिली खेप येत्या वर्षीं येते. मुलाला मीं तसें कळविलें असून, दिवाळीच्या सुटींत येतों असें त्याचें उत्तर आलें आहे.